गंधालीच्या जागी

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

आज दुपारी गंधालीला तिच्या ऑफिसमधली निधी रिक्षाने घरी सोडून गेली. अंधेरीहून मुलुंडपर्यंत रिक्षा. मला वाटलं ताप असेल. गंधाली सरळ आत जाऊन झोपली, चपलासुद्धा काढल्या नाहीत. निधी दारातच उभी राहिली, पाणी नको म्हणाली. मग हळूच म्हणाली, "काकू, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. हे इथे लिहून ठेवते, कारण उद्या मलाच वाटेल की माहीत असणार. तेहतीस वर्षांची मुलगी, घरात आम्ही दोघीच, आणि मला माहीत नव्हतं. स्टीलच्या बाटलीला ती मला हात लावू देत नाही, स्वतः घासते, याचं मला कौतुक होतं. तोंडात सारखी वेलची असते ती पित्तासाठी, असं तिनेच सांगितलं होतं. सकाळी हात थरथरतात ते उपाशी राहिल्याने, म्हणून मी डब्यासोबत लाडू देत होते.

निधी म्हणाली, ऑफिसात असं दुसऱ्यांदा झालं. साहेबांनी या वेळी डोळेझाक केली, पुढच्या वेळी करणार नाहीत.

ह्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. सासरे गिरणीत होते. पगाराच्या दिवशी त्यांना गुत्त्यावरून आणायला ह्यांना पाठवत, तेव्हा हे शाळेतल्या चड्डीत असत. म्हणून या घरात बाटली कधी आली नाही. आणि ती माझ्या मुलीच्या ऑफिसच्या पिशवीतून रोज येत होती, जात होती. हे असते तर काय म्हणाले असते, एवढंच दिवसभर मनात आहे. श्रावणात ह्यांना जाऊन दोन वर्षं होतील.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

गंधालीने शपथ घेतली. मी मागितली नव्हती. बाबांच्या फोटोसमोर घेते म्हणाली. मी म्हटलं, ह्यांना यात ओढू नकोस. मग तिने माझ्या डोक्यावर हात ठेवून घेतली.

चार दिवस ती वेळेवर घरी येते आहे. रात्रीचं जेवण आम्ही दोघी बरोबर करतो. आज ताटावर म्हणाली, "आई, घरात काही आवाजच नसतो गं." मी म्हटलं, चांगलंच आहे की. शेजारच्या सपनाकडे बघ, दिवसभर टीव्ही बोंबलत असतो. ती हसली आणि भात कालवत राहिली.

वाचनालयात दारूवर काही पुस्तक आहे का म्हणून विचारलं. ग्रंथपालांनी एक काढून दिलं. सगळा उपदेश आहे. लिहिणाऱ्याला पिणाऱ्याचा राग आहे, एवढंच त्यातून कळतं. उद्या परत करीन.

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळी नळाचा आवाज थांबेना म्हणून बाथरूमचं दार ढकललं. गंधाली भिंतीला टेकून फरशीवर बसलेली. शुद्धीवर होती. मला बघून म्हणाली, "तू जा ना आई, मी येते," जणू काही नुसता उशीर होत होता.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर रविवार असूनही वर आले. तिला तपासून मला गॅलरीत बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं. हे शपथेने सुटत नाही. एकदम बंद केली तर फिटसुद्धा येऊ शकते, म्हणून गोळ्या लिहून दिल्या आणि आठवडाभर एकटीला सोडू नका म्हणाले. शरीर सावरेल, पण पुढचं काम गोळ्यांचं नाही. त्यासाठी दारू सोडलेल्या माणसांच्या मीटिंगा असतात. तिथे सगळे एकाच दुखण्याचे. पैसे लागत नाहीत, आडनाव विचारत नाहीत. त्यांच्या हेल्पलाइनचा नंबर डॉक्टरांनी माझ्या फोनवर पाठवला.

संध्याकाळी मी गंधालीजवळ विषय काढला. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "बेवड्यांच्यात जाऊन बसू मी? आणि कोणी ओळखीचं निघालं म्हणजे?"

तिचं म्हणणं मला पटलं. कुठली जागा, कसली माणसं, कुणाला माहीत. पण आमच्या गावाकडे मुलगी द्यायची झाली तर आधी घरातल्या बायका जाऊन ते घर गुपचूप बघून येतात. विहीर किती लांब, सासू बोलते कशी, गोठा झाडलेला आहे का. कोणी विचारलंच तर देवळात आलो होतो म्हणून सांगायचं. पुरुष माणसं नंतर जातात. माझ्या वेळी माझी मावशी अशीच बघून आली होती आणि तिने होकार दिल्यावरच बाबांनी पत्र टाकलं. हेही तसंच करावं. मी आधी बघून येते. जागा बरी असली तर मुलीला न्यायचं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज फोन लावला. चांगला मऊ बोलणारा माणूस होता. कोणासाठी, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, ओळखीचं एक जण आहे. तो म्हणाला, ज्याला त्रास आहे त्याने स्वतः फोन करावा, तेच उपयोगी पडतं. घरच्यांसाठी वेगळी मीटिंग असते, तुम्ही त्या मीटिंगला जा. मला काय झालंय, मी कशाला जाऊ? मी पुन्हा पुन्हा विचारल्यावर त्याने घाटकोपरच्या एका शाळेतला पत्ता दिला. सोमवारी संध्याकाळी, मराठीतून.

गंधालीला आता बरं आहे. तिला पेज करून घातली. खाताना मी ह्यांच्या आठवणी सांगत होते, शेवटच्या महिन्यात हे कसे फक्त पेजच मागायचे. तिने अर्धी पेज ठेवून दिली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

गंधाली आजपासून कामावर गेली. निधी तिला सोबत घेऊन येणार होती, म्हणून मी पाच वाजता निघाले.

घाटकोपरची शाळा सापडली, पण मीटिंग सापडेना. वॉचमनला कसं विचारायचं? मी नुसतं म्हटलं, भाऊ, मीटिंग कुठे आहे. त्याने मला वरून खाली बघितलं आणि पहिल्या मजल्यावर पाठवलं. तिथे बायका गोल करून बसल्या होत्या. मला बरं वाटलं. इतक्या बायका, साध्या, कुंकू लावलेल्या, आणि सगळ्यांना हे दुखणं, असं मनात आलं. मीही बसले. एकीने सरकून जागा दिली. बराच वेळ पापडाच्या पिठाबद्दल बोलणं चाललं तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा बचत गट आहे. मी उठले तर एक जण म्हणाली, मावशी, हप्ता भरायला आलात ना, बसा की. मी म्हटलं, मला दुसरी मीटिंग हवी आहे.  दारातली एक बाई बोटाने खाली दाखवून म्हणाली, मागच्या बाजूला, मुतारीशेजारची खोली. तिला माहीत होतं.

मागच्या खोलीत तिसरीचा वर्ग भरत असावा. भिंतीवर फळांची चित्रं, छोटे बाक, आणि त्या बाकांत गुडघे पोटाशी घेऊन बसलेले पुरुष. बाई एकही नाही. दारात चहाची किटली घेऊन एक साठीचे गृहस्थ उभे होते. त्यांना सगळे बाळ म्हणत होते. म्हणाले, "ताई, पहिल्यांदाच आलात? ही बंद मीटिंग असते. फक्त स्वतः पिणाऱ्यांसाठी. घरच्यांना आत घेत नाही आम्ही. तुम्ही कोणासाठी?"

मागे आत बसलेल्यांपैकी दोघेतिघे वळून बघत होते. मुलगी म्हटलं असतं तर तिचं नाव तिथे लागलं असतं. घरची म्हटलं असतं तर मला तिथूनच परत पाठवलं असतं, आणि काहीच बघायला मिळालं नसतं.

मी म्हटलं, "मीच."

बाळ किटली खाली ठेवून बाजूला झाले. कोणी हसलं नाही. पहिल्या बाकावरचा माणूस उठून मागे गेला आणि मला जागा झाली.

एकेक जण बोलला. आधी नाव, मग दारुडा आहे असं सरळ सांगायचं, मग जे झालं ते. एकाने मुलीच्या बारशाचे पैसे प्यायले होते.  मधे कोणी बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, हा नियम. मी इतक्या पुरुषांना इतका वेळ एकमेकांचं ऐकताना कधी पाहिलं नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "माझं नाव जयंती."  त्यांनी तेवढ्यालाच टाळ्या वाजवल्या.

निघताना बाळ म्हणाले, बायकांची वेगळी मीटिंग अंधेरीला असते, तिथे तुम्हाला मोकळं वाटेल. जानकी नावाच्या बाई आहेत, त्या फोन करतील. मी नंबर दिला. परतताना विचार केला, माणसं चांगली आहेत. पण पुरुषांत गंधालीला बसवता येणार नाही. अंधेरीची जागा बघितली पाहिजे.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

जानकीबाई रोज सकाळी फोन करतात. आवाज जाड, बोलणं तोडून टाकल्यासारखं. मला पहिल्याच दिवसापासून जयंती म्हणतात. "आज घेतलेली नाही ना?" मी नाही म्हणते. ते तर खरंच आहे. मग त्या स्वतःचं सांगतात. एका इस्पितळाच्या काउंटरवर त्या कामाला आहेत, दारू सोडून बरीच वर्षं झाली, तरी रोज सकाळी कुणाशी तरी बोलल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत.

मी त्यांना गंधालीचंच सगळं सांगते, माझं म्हणून. स्टीलच्या बाटलीचं सांगितलं, वेलचीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मी बडीशेप खायचे. आज त्यांनी एकदम विचारलं, "का पितेस गं तू?"

मला उत्तर माहीत नव्हतं. गंधालीला मी कधी विचारलंच नाही. किती पितेस, कुठून आणतेस, कधीपासून, लाज कशी वाटत नाही, हे सगळं विचारलं होतं. फोन हातात धरून मी उभी राहिले, आणि तोंडातून गेलं, "घरात आवाज नसतो."

जानकीबाई म्हणाल्या, हं. 

शनिवार, १ मार्च

गंधालीला सांगितलं वाचनालयात जाते. घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरीला गेले. चर्चच्या आवारात मागे एक खोली आहे. गल्लीत दिवे आहेत. संडास स्वच्छ. खिडकीला पडदा, बाहेरून कोण बसलंय ते दिसत नाही. सगळं बघून घेतलं.

सहा बायका होत्या. एक कॉलेजात शिकवणारी, एक मासेवाली, एक गंधालीपेक्षाही लहान, ओढणीने हात झाकून बसलेली. जानकीबाई उंच, केस पांढरे आणि बारीक कापलेले. मी वेंगुर्ल्याकडची कळल्यावर मालवणीतच बोलायला लागल्या.

मला बोलावं लागलं. घरून काही ठरवून गेले नव्हते. गंधाली बोलली असती तर काय बोलली असती, असं धरून मी सुरू केलं. सांगितलं की घरात एक माणूस दीड वर्ष डायलिसिसवर होतं. आठवड्यातून दोनदा न्यायचं, आणायचं, मशीनशेजारी चार तास बसायचं, ऑफिसचं काम तिथेच मांडीवर करायचं. डॉक्टर जे सांगतील ते घरी नीट करून सांगायचं, अर्धंच. तो माणूस गेला त्या दिवशी दाखला काढणं, नातेवाइकांना फोन, स्मशानाची पावती, सगळं केलं. रडायला वेळ मिळाला नाही. सगळे म्हणाले, मुलगा असता तरी इतकं केलं नसतं. मग एक दिवस बाटली घेतली.

हे सगळं खरं घडलेलं आहे. गंधालीनेच केलं होतं. शेवटचं वाक्य मात्र मी मनाचं लावलं. तिने केव्हा घेतली मला कुठे माहीत आहे.

ओढणीवाली मुलगी रडायला लागली. जानकीबाईंनी माझा हात धरून ठेवला. परत येताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. का ते नीट कळत नाही. वाईट कोणाचंच केलेलं नाही. जागा पसंत आहे.

रविवार, ९ मार्च

सोसायटीची सत्यनारायणाची पूजा झाली. प्रसादाचा शिरा दरवर्षी मी करते. हे गेल्यावरही ते काम माझ्याकडून कोणी काढलं नव्हतं. काल रवा भाजायला घ्यायच्या आधी शेजारची सपना आली आणि म्हणाली, काकू, या वेळी तुम्ही आराम करा, शिरा बाहेरून मागवलाय. मी म्हटलं, मला काय धाड भरलीय. ती दाराच्या चौकटीवर नख घासत राहिली. मग म्हणाली, "काकू, आमची वहिनी घाटकोपरच्या त्या बचत गटात आहे. तिने तुम्हाला माझ्याकडच्या पूजेच्या फोटोवरून ओळखलं. या वयात कशाला हे? काका असते तर चाललं असतं का?"

मला एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. मी म्हटलं, शिऱ्यात केळं घालायला सांग, नाहीतर कोरडा होतो.

पूजेला मागे बसले. प्रसाद हातात घेतला. बाहेरचा होता, तूप कमी.

मंगळवार, ११ मार्च

गंधाली लिफ्टमधून आली ती हसतच. पर्स ठेवली आणि म्हणाली, "आई, खाली सपना माझं सांत्वन करत होती. म्हणे, तुझ्यावर काय काय पडलं गं, बाबा गेले आणि आता आईचं हे असं. काय केलंस तू?"

मग मी सगळं सांगितलं. घाटकोपर, बाळ, अंधेरी, जानकीबाई. तुझ्यासाठीच बघून आले, जागा चांगली आहे, सगळ्या बायका आहेत. ती आधी हसत होती, हसता हसता थांबली. विचारलं, तू तिथे बोललीस काय. मी म्हटलं, तुझंच. माझं म्हणून सांगितलं, तुझं नाव कुठेच आलं नाही.

ती बसली. पाय जवळ घेऊन लहानपणी बसायची तशी. म्हणाली, "बाबा गेले तेव्हा सगळे तुझ्याजवळ बसले होते. मी आत चहा करत होते. पंधरा दिवस मी फक्त चहा केला. आता हेपण तूच घेतलंस."

मी म्हटलं, अगं मी घेतलं कुठे, मी तर झाकलं. माझी अब्रू गेली, तुझी राहिली. ती उठून आत गेली.

बाबांचा आणि याचा काय संबंध, मला समजलेलं नाही. आणि माझ्याजवळ लोक बसणार नाहीत तर कोणाजवळ बसणार? नवरा माझा गेला होता.

शुक्रवार, १४ मार्च

आज धुळवड. खाली दुपारपर्यंत रंग चालला होता. तीन दिवस गंधाली माझ्याशी बोललेली नव्हती.

जेवणाच्या वेळी ती बाहेरून आली, हातात काळी पिशवी. लपवली नाही. टेबलावर बाटली ठेवली, शोकेसमधले दोन काचेचे ग्लास काढले. पाहुण्यांना सरबत द्यायला ठेवलेले. दोन्हींत ओतली. एक माझ्यापुढे सरकवला.

"घे ना. तू पितेस म्हणे."

मी उभीच होते. आवाज चढवला तर भिंतीपलीकडे सपना. तसाही आता काय फरक पडणार होता. मी बसले. इतक्या जवळून दारूचा वास मी कधी घेतला नव्हता. तिच्या गादीला, तिच्या उशीला, ह्यांच्या शेवटच्या महिन्यांत ती पांघरायची त्या ह्यांच्या तपकिरी शालीला हाच वास होता. ह्यांच्या औषधांचा वास म्हणून मी ती शाल धुतली नव्हती. अजून कपाटात आहे.

गंधालीने तिचा ग्लास संपवला. मी माझा उचलला. काय करणार होते ते मला सांगता येणार नाही. तिच्या शेजारी बसून काहीतरी करायचं होतं. ओठाला लागला तेवढ्यात तिने तो माझ्या हातातून हिसकावला. अर्धी माझ्या पदरावर सांडली. ती सिंककडे गेली, उरलेली ओतली, मग बाटलीही उपडी केली, आणि तिथेच पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मी जवळ गेले तर म्हणाली, "नको. तिथेच थांब."

मी तिथेच थांबले.

संध्याकाळी डॉक्टरांना बोलावलं. ते रागावले नाहीत. पुन्हा गोळ्या सुरू.

शनिवार, १५ मार्च

निधीला गंधालीजवळ बसवून मी अंधेरीला गेले.

कालपासून एकच गोष्ट डोक्यात होती. गंधाली समजा तिथे गेलीच, तर ती बोलणार काय? डायलिसिस, बाटली, वेलची, न झालेलं रडणं. सगळं त्या बायकांनी आधीच ऐकलेलं आहे, माझ्या तोंडून. तिला बोलायला मी काही ठेवलंच नव्हतं.

सगळ्या बसल्यावर मी उभी राहिले. सांगितलं, मी आयुष्यात कधी प्यायले नाही. मुलगी पिते. जागा बघायला आले होते. जे बोलले ते तिचं आहे, आणि तेही तिला न विचारता.

 मासेवालीने नुसतं "आई गं" म्हटलं. ओढणीवाली मुलगी माझ्याकडे बघेना. जानकीबाई मला बाहेर पायरीवर घेऊन गेल्या. मला वाटलं हसतील, आईच आहे म्हणतील. त्यांचा चेहरा उतरला होता.

"असा कित्याक केलंस गो?" त्या म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात माझ्या भावाने घरात बाटली उघडली तेव्हा मी सकाळपर्यंत थांबले, का तर जयंतीला फोन करायचाय. तिला काय सांगू, म्हणून घेतली नाही. तू होतीस म्हणून."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, माफीचं नंतर बघू. इथे आम्ही दुसरं काही मागत नाही, खरं तेवढं मागतो. आता तुला आत बसता येणार नाही. राग नाही, नियम आहे.

मी विचारलं, गंधालीचा नंबर देऊ का, तुम्ही फोन कराल का. त्यांनी मान हलवली, नाही. माझा नंबर तिला दे, म्हणाल्या. करायचा असेल तर ती करेल. नसेल तर तू विचारायचं नाहीस.

बुधवार, १९ मार्च

नंबर दिला. तिने कागद घेतला. मी विचारलेलं नाही. फार कठीण जातं. चार वेळा जिभेवर आलं, चार वेळा उठून काहीतरी काम काढलं.

आज संध्याकाळी ती गॅलरीत फोनवर बोलत होती. पाठ माझ्याकडे. एकदा तिचं "तुम्हीपण?" एवढं ऐकू आलं. निधीशी असेल.

शनिवार, २२ मार्च

दुपारी गंधाली केस विंचरून बाहेर आली आणि म्हणाली, अंधेरीला जायचंय, रस्ता दाखवशील का. मेट्रोत आम्ही शेजारी बसलो होतो. तिने दोनदा पर्स उघडून बंद केली. आत फक्त रुमाल होता, मी पाहिलं.

चर्चच्या फाटकापाशी तिचे पाय थांबले. मला वाटलं परत फिरणार. मी हात पुढे केला, मग मागे घेतला. जानकीबाई पायरीवर उभ्या होत्या. मला त्यांनी नमस्कार केला, नुसता, आणि गंधालीला म्हणाल्या, "ये गो." तिने माझ्याकडे वळून बघितलं.

"तू आत येऊ नकोस," म्हणाली. "पण जाऊ पण नकोस."

झाडाखाली बाक आहे तिथे बसले. खिडकी उघडी होती, आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. पहिल्यांदा कॉलेजवाली, मग दुसरं कोणी. मग "माझं नाव गंधाली" एवढं स्पष्ट ऐकू आलं. मी उठले आणि फाटकाजवळ जाऊन उभी राहिले, रस्त्याच्या आवाजात. ती आत काय बोलली मला माहीत नाही. किती वेळ बोलली तेही सांगता येणार नाही.

बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते, चेहरा खूप दमलेला. जानकीबाई तिच्यामागून आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, घरच्यांची मीटिंग मंगळवारी असते, घाटकोपरलाच. मी म्हटलं, मी बरी आहे. त्या म्हणाल्या, बरं. आग्रह केला नाही.

मेट्रोनेच परतलो. साकीनाक्याच्या पुढे तिने विचारलं, "बाबांची ती तपकिरी शाल कुठे आहे गं?" मी म्हटलं, माझ्या कपाटात. "मला देशील?" मला नाही म्हणायचं होतं. ह्यांची तेवढीच एक वस्तू मी कोणाला हात लावू दिलेली नाही. घरी आल्यावर काढून दिली.

ती शाल घेऊन ती तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी भाजी चिरायला बसले. थोड्या वेळाने आतून आवाज आला. आधी मला कळलंच नाही कसला. हे गेल्यापासून गंधालीला रडताना मी ऐकलेलं नव्हतं. असं मोठ्याने तर ती लहानपणीसुद्धा रडली नव्हती, भिंतीपलीकडे जाईल इतक्या मोठ्याने.

मी उठले. दाराला हात लावला. मग परत येऊन बसले आणि उरलेली भाजी चिरली.

आता दिवेलागण झाली आहे. आवाज थांबलेला नाही, पण बारीक झाला आहे. मी जेवून घेतलं. तिचं ताट झाकून ठेवलं आहे. हाक मारलेली नाही.